श्वार्त्सवाल्डच्या चिखलात हाका घालताना

जायचं ठरलं ते वादामुळे. जर्मनीत कार्ल्सरूहेला मी जंगलातल्या कोवळ्या रोपांवर पीएचडी करते. ती रोपं हरणं फस्त करतात, म्हणून इथे दरवर्षी शिकार होते. मला ते पटत नव्हतं. माझी सहकारी आंके म्हणाली, "न बघताच? मग शनिवारी हाका घालायला, जनावरं उठवायला चल. शिकार माझे बाबाच भरवतात, त्यांना माणसं हवीच आहेत."

तुम्ही जाणार असाल तर आधीच सांगते: विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटावर ट्रेनने श्वार्त्सवाल्डच्या जंगलापर्यंत पोचता येतं, पुढे कुणाची तरी गाडी लागते. रबरी बूट एक नंबर मोठे घ्या, आत दोन मोजे घालता येतात. नारिंगी जाकीट शिकारवालेच देतात. जेवण फुकट, पण वाटाण्याच्या सूपमध्ये सॉसेज असतं. मी पाव आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

पाऊस आदल्या रात्रीपासून होता. लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत आमची गाडी रुतली. आंकेने जमिनीवर पडलेल्या फांद्या चाकाखाली सारल्या आणि मला ढकलायला लावलं. चाक फिरलं, चिखल थेट माझ्या तोंडावर. "झालीस आता इथली!" ती खिदळली. उतारावर पाय आडवे टाकायचे असतात, हे मी पडून शिकले.

दुपारी आम्ही ओळीने झाडीत शिरलो. ओरडायचं, म्हणजे जनावरं उठून बंदूकवाल्यांकडे जातात. बाकीचे "होप, होप" करत होते. माझ्या तोंडून मामाच्या ज्वारीतली पाखरं हाकलतानाचं "हुर्रर्र" निघालं. तेवढ्यात एक बार झाला आणि एक हरीण मागचा पाय फरपटत माझ्यासमोरून ओढ्याकडे गेलं.

सकाळीच बजावलं होतं: जखमी जनावर दिसलं की तिथली फांदी मोडून ठेवायची, कुत्रा तिथूनच माग काढतो. तीनच वाजले असतील, पण दिवेलागणीसारखं अंधारलं होतं. मी फांदी धरली आणि सोडून दिली. दिवेलागणीला झाडाचं पानही तोडू नये, हे अंगात मुरलेलं. मग टाचेने चिखलात मोठी फुली मारली.

माग काढणाऱ्या उटेबाई कुत्रा घेऊन आल्या, तोवर माझी फुली बुजून सगळीकडे नुसती डबकी झाली होती.

"फांदी कुठे मोडलीस?"

"नाही मोडली. अंधारात झाडं... झोपलेली असतात."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "झोपू देत. ते हरीण आज झोपणार नाही. कुठे दिसलं ते आठव."

रक्त पावसात धुऊन चाललं होतं. मी उतारावर खालीवर धावले. प्रत्येक झाड तेच वाटत होतं. शेवटी उटेबाईंनी कुत्र्याला मोठमोठे वळसे घालायला लावले. तिसऱ्या की चौथ्या वळशाला, ओढ्यापलीकडे, त्याने दोरी ताणली. हरीण जिवंत होतं. आमच्याकडे बघत होतं. उटेबाईंनी बंदूक उचलली.

घरी येऊन, बूट मोरीत तसेच टाकून, आईला फोन लावला. आमच्यात कॉलेज शिकलेली मी पहिली, त्यामुळे मला सगळं कळतं असं ती धरूनच चालते.

"मग मारतात ते बरोबर का गं?"

"माहीत नाही, आई."

"आणि तू डोळे मिटलेस ना, गोळी घालताना?"

"नाही. लवकर घाला, लवकर घाला, असं मनात म्हणत होते."

मग ती म्हणाली, "पाय गरम पाण्यात घाल आधी."