तुओवीनं बंद केलेली चूल

तुओवी माझी नणंद. तिचा बाप धुराडी साफ करायचा. त्याच्यामागे हिनं दोर आणि ब्रश उचलला, आणि सदतीस वर्षं सावो प्रांतातल्या तळ्याकाठच्या छपरांवर चढउतार केली. बासष्टाव्या वर्षी गुडघे साथ देईनात, तेव्हा तिनं काम सोडायचं ठरवलं.

पण त्याच वर्षी रशियाकडून येणारी वीज बंद झाली. हिवाळ्यात दोन-दोन तास दिवे जातील, तयारीत राहा, असं रेडिओवर रोज सांगायला लागले. घरं विजेवर तापायला लागल्यावर ज्यांनी जुन्या विटांच्या चुलीवर वीस वर्षं फुलदाण्या मांडल्या होत्या, त्यांनाही एकाएकी चूल आठवली. तिच्या कामाचे फोन मी घ्यायचे. सप्टेंबर संपेपर्यंत वहीत डिसेंबरच्या तारखा पडल्या.

"नाही म्हण ना एखाद्याला," मी म्हणायचे.

"कुणाला म्हणू, तू सांग," ती म्हणायची, आणि बूट न काढताच खुर्चीत बसायची.

ऑक्टोबरात ती आर्नेकडे गेली. ऐंशी वर्षांचा, जुन्या लाकडी घरात राहणारा. बायको हेल्वी संधिवातानं जवळजवळ अंथरुणाला खिळलेली. आर्नेनं चुलीपुढचा पसारा हलवून ठेवला होता, बर्चची लाकडंही रचून ठेवली होती. तुओवीनं धुराड्याचं तोंड वरून झाकलं आणि कुठं गळतंय ते पाहायला चुलीत थोडा धूर केला. पाचेक मिनिटांनी आतल्या खोलीतून हेल्वी खोकायला लागली. तिच्या कपाटामागच्या फटीतून धूर झिरपत होता.

"चूल पेटवायची नाही," तुओवी म्हणाली. तसं कागदावर लिहून तिनं तो चुलीच्या दाराला चिकटवला.

"अगं, एक फट आहे. माती लावून बुजवतो."

"आत कुठं कुठं फुटलंय, ते तुला दिसतंय का? मला नाही दिसत."

"म्हणजे आम्ही गारठून मरायचं?"

"दोन तासांत गारठून कुणी मरत नाही, आर्ने. धुरानं मात्र मरतं."

"तुझा बाप असता तर दुरुस्त करून गेला असता. तुला काय, कागद चिकटवला की सुटलीस."

 तुओवी शिडी गाडीवर बांधून पुढच्या घरी गेली. तिथून तिसऱ्या घरी. संध्याकाळी जेवताना मला हे सगळं सांगितलं आणि ताटातला बटाटा तसाच ठेवून उठली.

रविवार हा तिचा एकच सुट्टीचा दिवस. त्या रविवारी ती परत आर्नेकडे गेली, मलाही घेऊन गेली. आम्ही हेल्वीचा पलंग स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या खोलीत आणला. तिथं उष्णता टिकते. दाराला जाड घोंगडी टांगली, खिडकीच्या फटींत कापूस कोंबला. विहिरीचा पंप विजेवर चालतो, म्हणून पाण्याचे डबे भरून ठेवले. दिवे जाणार असं कळलं की आधीच चहा करून थर्मासात भरायचा, हे मी हेल्वीला दोनदा सांगितलं.

"एकदा सांगितलंस तरी कळतं गं," हेल्वी हसून म्हणाली. "गुडघे गेलेत, डोकं नाही."

आर्ने सगळा वेळ दारात उभा होता. कॉफीसुद्धा विचारली नाही.

त्या हिवाळ्यात दिवे गेलेच नाहीत. लोक दुकानात तुओवीला चिडवायचे, "काय गं, उगाच आमची काजळी काढलीस." तिला हसायचंही त्राण नसे. मार्चपर्यंत तिनं चारशेवर धुराडी केली होती.

मे महिन्यात आर्नेनं गवंडी बोलावून चूल पाडली. भिंत उघडली तेव्हा तिच्यामागची तुळई अर्ध्या जाडीपर्यंत कोळसा झालेली निघाली. कधी जळली, कुणाला पत्ता नव्हता. आर्नेनं ते कुणाला सांगितलं नाही. हेल्वीनं मला फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाली, "तो दोन दिवस नीट जेवला नाही."

मी तुओवीला सांगितलं. ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. 

"नवी चूल कोण बांधतंय?" तिनं विचारलं.

मी गवंड्याचं नाव सांगितलं.

"बांधून झाली की वहीत आर्नेची तारीख घाल. तपासायला लागेल," ती म्हणाली, आणि पाय लांब करून गुडघे चोळत बसली.