आत्याची मराठी मला कळत होती

हे मी घरात कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुला सांगते, कारण तुझं संगणकाचं शिक्षण चाललंय, उद्या माझ्यासारख्याच खुर्चीत तू बसशील. आणि दुसरं म्हणजे तुझी-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही, हे आधीच कबूल करते.

फोनवर माणूस बोलला की मशीनला समजावं — हे आमचं संशोधन. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यासाठी चाललेलं. नांदेड-लातूरकडून उपचाराला माणसं येतात, शिवाय इथली पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेतच. त्यांनी आपल्या भाषेत दुखणं सांगायचं. मशीनने बरोबर डॉक्टरांकडे जोडून द्यायचं, तातडीचं असेल तर गाडी पाठवायची. चांगलंच काम की नाही? मशीन शिकतं ते ऐकून ऐकून. लहान मुलासारखं — जे कानावर पडेल तेवढंच त्याला येणार.

आता हे आवाज आणायचे कुठून? आत्या धावून आली. तिचं घर तारनाक्याला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एकेकीला तिने आतल्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, तोंडातला तिळगूळ आधी गिळायला लावला. भाचीचं संशोधन आहे म्हणून कोण मिरवणं तिचं! मी चित्रं दाखवायची — पोट धरून बसलेला माणूस, घेरी येऊन पडलेली बाई — आणि त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं. काय एकेक बोलल्या! हौ काय, नक्को काय, मधेच एखादा तेलुगू शब्द. मला शब्द न्‌ शब्द कळत होता. कळणारच की. याच बोलीत भांडत मी मोठी झाले.

पण संस्थेत मी वेगळीच असायचे. तिथे माझी ठेवणीतली मराठी. आमचं मूळ पुण्याकडचं, असंही एकदा ठोकून दिलं होतं — कुणी विचारलं नसताना! आजोबा बीडकडचे, निजामाच्या काळात इथे आलेले. त्यात लाजण्यासारखं काय होतं? काही नाही. मी लाजले.

आमचे सर खरोखरच पुण्याचे. माणूस सरळ, हुशार. त्यांच्यावर मी काही ढकलणार नाही. एक दिवस त्यांनी सहज एक आवाज लावून पाहिला. नेमका आत्याचा. ऐकून हसले आणि म्हणाले, "ही कसली मराठी? तुला कळतंय का काही?"

किती सोपा प्रश्न. 'हो सर' एवढंच म्हणायचं होतं, आणि वाटलं तर खाली लिहून दाखवायचं होतं. मी काय म्हटलं असेल?

"नाही सर. मलाही नाही कळत."

मग काढून टाक म्हणाले. आमच्या कामात प्रत्येक आवाज ऐकून खाली शब्द लिहावे लागतात. अगदीच काही कळत नसेल तर 'अस्पष्ट' असं बटण असतं, ते दाबलं की मशीन तो आवाज शिकत नाही. मी दाबलं. आत्याला, तिच्या शेजारणींना, आणि पुढे त्या वळणाचं जे जे कानावर आलं त्या सगळ्यांना. मशीनची परीक्षासुद्धा उरलेल्या आवाजांवरच झाली. ज्यांच्यापाशी ते नापास झालं असतं, त्यांना आम्ही परीक्षेच्या दालनातच घेतलं नव्हतं. मग काय — निकाल उत्तम, मशीन दवाखान्याच्या फोनवर बसलं, शोधनिबंध छापून आला. त्यात माझ्या हातचं एक वाक्य आहे: अस्पष्ट नमुने वगळले. आत्याने गल्लीत पेढे वाटले.

पुढे आत्याच्या यजमानांना — आमच्यात त्यांना मामाच म्हणतात — भर दुपारी लकवा मारला. उभा जन्म सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेला माणूस. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. जीव वाचला; उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उशीर का झाला विचारलं, तर आत्या म्हणाली, रिक्षा मिळाली नाही. मीही मान डोलावली. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. खरंच आलं नाही.

मशीनला न उलगडलेले फोन तपासायला परत आमच्याकडे येतात. असाच एक दिवस चहा घेऊन बसले, कानाला लावलं, आणि —

"अवो, यांचं तोंड तेढं झालंय, हात उचलंना. जल्दी गाडी भेजा वो."

आत्याचा आवाज. मी चहा बाजूला ठेवला. आत्या तेच पुन्हा सांगत होती, आधी जोरात, मग हळू, मग एकेक शब्द तोडून. आणि प्रत्येक वेळी ते मशीन गोड आवाजात, माझ्यासारख्या ठेवणीतल्या मराठीत, म्हणत होतं: माफ करा, समजलं नाही, कृपया स्पष्ट बोला. शेवटी आत्या त्यालाच म्हणाली, "बरं बाबा, माझंच चुकतंय," आणि फोन ठेवला.

समोर त्याच दोन वाटा. शब्द लिहायचे, नाहीतर बटण. लिहिले असते तर सरांनी विचारलं असतं, हे कळतं तर मग ते का नाही कळलं? आधीचं सगळं बाहेर आलं असतं. तुला वाटेल, निदान आता तरी हिने लिहिलं असेल. मलाही वाटलं होतं मी लिहीन.

मी बटण दाबलं. पुन्हा. तिचंच.

गाडी आली असती तर मामा बोलते राहिले असते का, हे कोण सांगणार? त्या आडोशाला मी बरेच दिवस उभी राहिले. आता राहत नाही. आत्याने मशीनचं नाव माझ्यापाशी काढलंच नाही कधी. भाचीचं काम ना ते. उलट मागे एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, मला जरा साफ बोलाया शिकव गं, उद्या पुन्हा वेळ आली तर.

आणि मी शिकवते. रविवारी जाते. मामा खाटेवर पडल्या पडल्या आमच्याकडे बघत असतात. आत्या शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसते, पदर सारखा करते आणि सावकाश म्हणते, "कृपया रुग्णवाहिका पाठवा." मग माझ्या तोंडाकडे बघत विचारते, बरोबर आलं का.

मी म्हणते, हो, आता कळलं.