मागितली होती फळी

कचेरीत तिला सगळे तक्रारमावशी म्हणतात. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नाही. तीन महिन्यांपुरती म्हणून झाडायला आलेली ही बाई सत्तावीस वर्षं टिकली, आणि तेवढ्या काळात दहा साहेब आले नि गेले, आता अकरावे आहेत. सकाळी सहाला कुलूप तीच उघडते. आधी दर्शनी पायऱ्या, मग व्हरांडा, मग वरचे मजले. पायऱ्या आधी, कारण खरी लढाई तिथेच होती.

पायऱ्यांच्या बरोबर वर, छपराखाली दगडात एक फट आहे, आडवा हात जेमतेम आत जाईल एवढी. तिच्यातून आत, छपराच्या पोकळीत, वटवाघळं राहत. मोठी, फळं खाणारी नव्हेत. मुठीत मावतील अशी बारकी, डास-पतंगांवर पोट भरणारी. कुठल्याही साहेबापेक्षा ती तिथे जुनी. येता-जाता ती पायऱ्यांवर लेंड्या टाकत, आणि मावशी रोज सकाळी अर्धं घमेलं भरून त्या बागेतल्या माळीबुवांना खतासाठी नेऊन देई.

कंबर तिची मोडत होती, तेव्हा तक्रार तिनेच केली. मागणी अगदी साधी: फटीखाली एक लाकडी फळी ठोका, म्हणजे घाण फळीवर पडेल आणि आठवड्यातून एकदा खरवडून काढता येईल. तिला लिहिता येत नाही, म्हणून अर्ज लेक लिहायची. पहिला लिहिला तेव्हा ती नऊ वर्षांची होती; आता दवाखान्यात नर्स आहे. दर वर्षी एक अर्ज. ती फाइल उलटत गेलं की पोरीचं अक्षर वळणावर येताना दिसतं, फळी मात्र कुठेच दिसत नाही.

वटवाघळांशी भांडण होतं, पण घरातल्या माणसाशी असतं तसं. तेव्हा संध्याकाळची झाडलोटही तिच्याचकडे होती. काम उरकलं की मायलेकी खालच्या पायरीवर बसायच्या. दिवेलागणीला फटीतून एक सुटायचं, मग दुसरं, मग बघता बघता रीघ लागायची. लेक शंभराच्या पुढे मोजायला शिकली ती त्या पायरीवर. एकदा तिने तीनशे बारा मोजली होती. मावशीचा नवरा बसचा ड्रायव्हर. उशीर झाला की तो दारातच विचारायचा, "माहेरची माणसं मोजून झाली का?"

यंदा इमारतीला शंभर वर्षं झाली आणि अकराव्या साहेबांना सुशोभीकरणाची हुक्की आली. जमिनीत चाळीस दिवे पुरले, सगळे तोंड वर करून. अंधार पडायच्या आतच ते आपोआप लागायचे आणि मध्यरात्री विझायचे. तीन तर नेमके फटीखाली. उद्घाटनाला मावशीला स्टेजवर बोलावलं, हातात गुच्छ दिला, आणि साहेब माइकवर म्हणाले की या भगिनी सत्तावीस वर्षं वटवाघळांच्या त्रासाने गांजल्या होत्या, त्यांना न्याय आपण दिला; आता या उजेडात एक वटवाघूळ टिकायचं नाही. टाळ्या पडल्या. मावशी गुच्छ धरून आ वासून उभी. मागितली फळी, मिळाले चाळीस दिवे, आणि वर बंदूक तिच्याच खांद्यावर. सत्तावीस अर्जांपैकी एकही, अकरा साहेबांपैकी एकानेही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नव्हता. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, ते हेच.

खोटं कशाला बोलायचं, पहिले तीन दिवस तिला बरं वाटलं. पायऱ्या लख्ख, कंबरेला आराम. चौथ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पायरीवर एक पिल्लू पडलेलं दिसलं. अंगावर लव नाही, पोट पाठीला लागलेलं. दुसऱ्या दिवशी चार होती. आणि पलीकडे दिव्यांच्या काचांवर मेलेल्या पतंगांचा खच. घमेलं आता त्यांनी भरत होतं.

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. लेकीला बोलावून घेतलं आणि दोघी जुन्या पायरीवर बसल्या. दिवे लागले, भिंत चुन्यासारखी पांढरी झाली. फटीच्या तोंडाशी एक इवलं डोकं आलं, आणि उजेड बघून मागे सरलं. दुसरं आलं, तेही मागे. उघड्यावर आलो की कुणीतरी टिपणार, हे त्या जिवांना जन्मापासून ठाऊक असतं. तासभर असंच चाललं. बाहेर कुणी आलं नाही. दिवस मावळताना किडे सगळ्यात जास्त उडतात, आणि ही आत कोंडलेली; दिवे विझेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेलेली असायची.

"आई, त्या माद्यांच्याच पोटात काही नाही," लेक म्हणाली, "मग पिल्लांना दूध कुठून येणार?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी ती थेट साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. साहेब म्हणाले, तक्रार तुमचीच होती ना? ती म्हणाली, मग ती मागे घेते. कारकुनाला बोलावलं. त्याने शांतपणे सांगितलं की निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही, नवी करा. पण रजिस्टरमध्ये 'घाण होते' असा रकाना आहे, 'घाण होत नाही' असा नाही. वायरमनला विचारलं, तर त्याने लेखी हुकूम मागितला. शेवटी ती पुन्हा साहेबांकडे आली आणि म्हणाली, सदतीस राहू द्या, फटीखालचे तीन तेवढे बंद करा, पिल्लं उडायला लागेपर्यंत.

"मावशी, तीन बंद केले तर फोटोत मधोमध काळं दिसेल," साहेब म्हणाले.

फोटोत काळं दिसेल! छपरात जीव तडफडून मरताहेत, आणि या गृहस्थांना फोटोची पडलीय. असल्या माणसांच्या हातात दिव्याचं बटण कोण देतं, हे खरं विचारायला हवं.

मावशीने विचारलं नाही. तोवर अकरा पिल्लं तिने माळीबुवांच्या वाफ्याकडेला पुरली होती. त्या संध्याकाळी तिने आपलं लोखंडी घमेलं घेतलं, माळीबुवांची दोन मागून आणली, आणि तीन दिव्यांवर तीन घमेली उपडी घातली. फटीवर अंधार आला. दोघी खालच्या पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळाने एक सुटलं. मग दुसरं. लेकीने मोजली, सतरा. तिने पुन्हा वाट पाहिली, तरी सतराच.

दुसऱ्या दिवशी मेमो आला: शासकीय दिवे झाकल्याबद्दल खुलासा करावा. लेकीने खुलासा लिहिला, मावशीने सांगितला तसा. "घमेली मीच घातली. सत्तावीस वर्षं फळी मागितली, दिवे मागितले नव्हते. माझ्या नावावर कुणाला मारायला मी सांगितलं नव्हतं. सोबत आजची घाण, एक पुडी, पुरावा म्हणून." साहेबांनी पुडी उघडली आणि हात झटकत बेसिनकडे पळाले.

घमेली तात्काळ उचला, असा हुकूम सुटला. शिपाई म्हणाला, घाणीची घमेली उचलणं माझ्या कामात नाही. वायरमन म्हणाला, दिवा माझा, घमेलं माझं नाही. कारकून कामाच्या याद्या धुंडाळत बसला. सगळ्या कचेरीत घमेलं उचलायचं काम एकाच माणसाच्या नावावर निघालं. तेव्हा हुकूम मावशीच्या हाती आला आणि तिने तो तंतोतंत पाळला. रोज सकाळी सहाला ती घमेली उचलते. संध्याकाळी ती पुन्हा घालायची नाहीत, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

पायऱ्यांवर आता रोज चिमूटभर लेंड्या असतात. ती त्या झाडते, आणि अजून दर संध्याकाळी लेक मोजते. कधी सतरा, कधी एकोणीस. उरलेली जवळजवळ तीनशे कुठे गेली, याचा खुलासा अजून कुणी कुणाकडे मागितलेला नाही.