कव्हर आधी, गाणी नंतर

इक्बालभाई खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांचा गिटारचा सोलो सुरू झाला, अठरा सेकंद वाजला आणि बारीक होत होत विरून गेला. लगेच पुढचं गाणं लागलं.

"ताई, रेकॉर्ड खराब हाय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेकॉर्ड ठणठणीत होती. गाणंच कापलं होतं.

चाकणला आमची व्हिनाइल रेकॉर्ड बनवायची कंपनी आहे, मी तिथे क्वालिटीला. जुन्या रॉक बँडांची गाणी गोळा करून निम्म्या किमतीत विकायची, अशी एक सिरीज एका पार्टीने आमच्याकडे दिली होती. या वेळी आपल्याकडचे बँड होते. इक्बालभाईंचं चिंचवडला टू-व्हीलर स्पेअर पार्ट्सचं दुकान. तरुणपणी ते एका बँडमध्ये लीड गिटार वाजवायचे. त्या बँडचं एकच गाणं रेकॉर्ड झालं आणि त्याची टेप फक्त यांच्या कपाटात उरली होती. ती त्यांनी आमच्यामार्फत पार्टीला फुकट दिली. अट एकच, अडीच मिनिटांचा सोलो पूर्ण ठेवायचा. आता बोटं वळत नाहीत, पुन्हा वाजवणं नाही.

"काळजी करू नका," असं मीच त्यांना म्हणाले होते.

प्लांट हेड साठे सरांच्या केबिनमध्ये मी दार न वाजवता घुसले.

"सर, गाणं कुणी कापलं?"

"पार्टीने कापूनच फाइल पाठवली. एका बाजूला बावीस मिनिटं बसतात, या बाजूची त्यांची गाणी सत्तावीस मिनिटांची."

"मग एक गाणं काढायचं होतं!"

"कव्हरं छापून आली होती, मॅडम. 'चौदा सुपरहिट गाणी.'"

काय कप्पाळ! कव्हर आधी घाऊक छापायचं आणि आत किती मावतं ते नंतर बघायचं. या स्वस्त रेकॉर्डी अशाच निघतात. सरांनी पार्टीला स्पीकरवर घेतलं.

"मॅडम, बजेट माल आहे. सोलो कोण ऐकतंय? लोक गाणी मोजतात."

"ज्याने वाजवला तो ऐकतोय! बाहेर बसलाय. या, सांगा त्याला तोंडावर!"

त्याने फोन ठेवून दिला. असा हलकटपणा!

"सर, हा लॉट जाऊ देऊ नका."

सरांनी शांतपणे फाइल उघडली आणि एक स्लिप माझ्यासमोर सरकवली. लॉट सुरू करण्याआधी आम्ही पाच नमुना रेकॉर्ड काढतो, त्यांना टेस्ट प्रेसिंग म्हणतात. त्या ऐकून क्वालिटीने सही केली की मगच मशीन चालू. स्लिपवर सही माझी होती.

खरं सांगते, आम्ही गाणी ऐकतच नाही. सुई सुरुवातीला टेकवायची, मध्ये टेकवायची, शेवटी टेकवायची. खरखर नाही, टकटक नाही, पास. नियम पूर्ण ऐकायचा आहे, पण शिफ्टमध्ये वेळ कुणाला? मलाही नव्हता.

"तेव्हा अडवलं असतंत तर मी पार्टीशी भांडलो असतो," सर म्हणाले. "आता माल पॅक झालाय."

ते खरं बोलत होते, म्हणून तर आणखी चीड आली.

बाहेर येऊन मी इक्बालभाईंना सगळं सांगितलं. चौदा गाणी, बावीस मिनिटं, कव्हर. ते मान हलवत ऐकत राहिले.

"लई झाली व्हय गाणी," ते म्हणाले. "पण ताई, तुमी ऐकली नव्हती का आधी?"

"नाही ऐकली."

माझ्याने वर बघवेना. मी त्यांच्यासाठी ठेवलेली रेकॉर्ड पुढे केली. त्यांनी कव्हरवरचं बँडचं नाव बोटाने चाचपलं आणि ती टेबलावर परत ठेवली.

"मला माझी टेप तेवढी द्या. कपाटातच बरी हाय ती."

पार्टीच्या ऑफिसात मी स्वतः जाऊन बसले आणि टेप घेऊनच उठले. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन दिली. त्यांनी चहा पाजला, गाण्याचा विषय काढला नाही.

आता प्रत्येक टेस्ट प्रेसिंग मी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकते. पाऊण तास जातो. साठे सर काचेतून घड्याळ दाखवतात. दाखवू देत. स्लिपवर सही माझी असते.