शेवटच्या घागरीचा अंगठा

मी मलप्पा, टँकरचा डायव्हर. आता पेन्शनीत हाय, म्हून खरं बोलायला कुणाचं भ्याव न्हाई.

अनंतराव आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. लातूर उस्मानाबादपासून तुटून जिल्हा झाला, तव्हा फायली गोण्यांत भरून ट्रकनं आल्या, अन् त्याच ट्रकनं हा माणूस आला. टेबल मिळंना, तर वरीसभर पत्र्याच्या पेटीवर बसून कारभार केला.

शहाऐंशीच्या दुष्काळात त्यांच्या हाताखाली नऊ टँकर अन् आम्ही नऊ डायव्हर. डायव्हर म्हंजे काय चीज असती, मला विचारा! एकाची गाडी रोज तापायची, दुसऱ्याचा सासरा दर महिन्याला मरायचा. पण अनंतराव आवाज चढवायचे न्हाईत. सकाळी एकेकाला गाव सांगायचे, मग म्हणायचे, "आता तू मला सांग, आज काय करणार?" आपल्याच तोंडानं बोलून गेल्यावर काम चुकवायची लाज वाटायची.

पाणी पोचल्याच्या चिठ्ठीवर आधी सरपंचाची सही चालायची. सरपंच काय, च्या पाजून सही ठोकायचा, अन् पाणी त्याच्याच आळीत. अनंतरावांनी ते बंद केलं. म्हणाले, "रांगेत शेवटी जी बाई असेल, तिचा अंगठा आणा. तिची घागर भरली, तर गावाला पाणी मिळालं." सरपंच लई चवताळले. पण त्या उन्हाळ्यात आमच्या गावांत पाण्यावरून डोकी फुटली न्हाईत.

मी तव्हा हजेरीवर होतो. कायम करायच्या यादीत माझं नाव वर गेलेलं. घरी बायको, शिवम्मा, रोज इचारायची, "झालं का हो?" एक बोट उठलं की नाव कटणार, ही धास्ती जिवाला.

मला दिवसाला चार खेपा होत्या. चौथी माळावरच्या वस्तीची. भरायच्या विहिरीवर लाइट टिकायची न्हाई, मोटर बंद पडायची, अन् माझ्याच्यानं जीव जाऊन तीनच खेपा धड व्हायच्या. चौथीला वस्तीवर अंधार पडता पडता कसंबसं पोचायचो. एके दिवशी न्हाईच पोचलो. भाऊसाहेबांना सांगावं, तर कामचुकार म्हणतील. चिठ्ठीवर माझाच अंगठा उमटवला अन् दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस एकदा घसरला की घसरतच जातोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव माझ्या केबिनमंदी चढले. "चल मलप्पा, आधी वस्तीवर." मी गाडी काढली.

वस्तीवर रिकाम्या घागरींची रांग अन् पुढं धोंडाबाई, कमरेवर हात ठेवून उभी. "मुडद्या, दोन दिस कुठं मेला हुतास? लेकरं डबक्यातलं पाणी पिऊन राहिली!" अनंतरावांनी खिशातल्या दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, दोन्हींवरचा एकच अंगठा बघितला, परत ठेवल्या. मग स्वतः पाइप धरून शेवटच्या घागरीपर्यंत उभे राहिले. त्यांचं धोतर चिखलानं भरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येताना विहिरीवर मोटर बंद पडलेली बघून म्हणाले, "तीनच खेपा होतात, हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कामचुकार म्हणला असता."

त्यांनी धोतराचा चिखल झटकला. मग म्हणाले, "म्हणालो असतो, खरंय. मी तुम्हाला काय करणार ते विचारत होतो. काय होत नाही, ते कधी विचारलंच नाही."

त्या सांजेपासून नवी रीत पडली. गाडी लावली की आधी राहिलेलं काम सांगायचं. जो सांगंल त्याला बोल न्हाई. मग काय, एकेक गाऱ्हाणं निघालं! आठ दिवसांत सगळ्या खेपा नव्यानं आखल्या. वस्ती जवळच्या टँकरला गेली, अन् माझ्याच्यानं तीन खेपा नीट व्हायला लागल्या.

पण वस्तीची तक्रार तोवर वर पोचली होती. मोठे साहेब चौकशीला आले. आम्हा नऊ जणांना भिंतीला उभं केलं. "दोन दिवस पाणी का गेलं नाही?"

अनंतराव म्हणाले, "खेपांची आखणी माझी चुकली, साहेब."

"आणि चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्या तपासणं माझं काम होतं."

साहेबांनी आमच्याकडं बघून इचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" अनंतरावांनी मान वळवून एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली, चपलांकडं बघत राहिलो.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. शिवम्मानं आळीभर पेढे वाटले. अनंतरावांच्या नोकरीच्या बुकात शेरा पडला, अन् नायब तहसीलदार व्हायची त्यांची पाळी गेली ती गेलीच. हेडक्लार्क होते, हेडक्लार्क म्हणूनच उतरले.

ते रिटायर झाले त्या दिवशी नारळ घेऊन घरी गेलो. पाय धरले अन् रडत म्हणालो, "भाऊसाहेब, तो अंगठा माझा हुता. त्या दिवशी साहेबासमोर सांगायला पाहिजे हुतं."

त्यांनी मला उठवलं, खुर्चीवर बसवलं, आत च्या सांगितला. मग हळूच म्हणाले, "मलप्पा, अंगठा तुझा होता हे मला त्या दिवशी वस्तीवरच कळलं होतं. तू सांगशील असं वाटलं होतं, एवढंच."

च्या आला. मी तो कसा प्यालो, माझं मला ठाऊक.