कॉलरीतला पिवळा दोरा

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर परक्यांच्या चादरी धुतल्या आणि घरी माझ्या धुण्यात खोडी काढल्या. मीही काही गरीब गाय नाही, एकाला दोन ऐकवायचे. असं आमचं बरं चाललं होतं.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्या लग्नाआधीच लागल्या. पदरात मूल आलं, नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी जात राहिल्या. निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी म्हणाल्या, "आता तुझ्या डोक्यावर बसते." बसल्याही.

मग विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग पेटता गॅस, मग शेजारणीचं नाव. माझा नवरा म्हणाला, "साठी बुद्धी नाठी, चालायचंच." मला काही ते पटेना. मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"काम काय करायचात, आजी?"

"काही नाही, धुणं."

"नुसतं धुणं काय म्हणता, आई?" मी मध्येच तोंड घातलं. "अख्ख्या हॉस्पिटलचं धुणं!"

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, "बरीच वर्षं नोकरी केलेल्या बायकांची स्मरणशक्ती उतारवयात जरा सावकाश उतरते, असं म्हणतात. पण उतरते. पुढे कधीतरी घरची माणसंही ओळखू येणार नाहीत, तयारी ठेवा."

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. बसमध्ये हळूच म्हणाल्या, "तुलाही विसरेन का गं?"

"मला विसरून कसं चालेल? मग भांडाल कुणाशी?"

त्या हसल्या नाहीत.

काही दिवसांनी नवऱ्याच्या ठेवणीतल्या शर्टाच्या कॉलरीत, आतल्या बाजूला, निळ्या दोऱ्याचे टाके दिसले. मग त्याच्या सगळ्याच शर्टांत. माझ्या कुर्त्यांच्या कॉलरींत पिवळे. नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "चांगल्या कपड्यांची वाट लावली! तिच्या हातातली सुई काढून घे." मी म्हटलं, "आधी विचारू तरी दे."

त्या पलंगावर माझा कुर्ता मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले.

"हे काय चाललंय, आई?"

"खुणा करतेय." सुईत दोरा ओवायला त्यांनी माझ्याकडे दिला. "आमच्याकडे चादरींचा डोंगर यायचा. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. कोणती कुठली, कसं कळणार? म्हणून कोपऱ्यात दोरा. प्रत्येक वॉर्डाचा रंग वेगळा. दोरा बघायचा आणि जिथली तिथे पाठवायची."

"पण आम्ही काय चादरी आहोत?"

"तोंडं विसरेन गं मी. दोरा नाही विसरायची. हाताला सवय आहे."

मी दोरा ओवून सुई त्यांच्या हातात दिली. विचारलं, "मला पिवळाच का?"

"पिवळा बाळंतिणींच्या वॉर्डाचा. त्या चादरींना मी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या माझ्या."

बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, सुई काढून घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी तोच निळ्या दोऱ्याचं नवं रीळ घेऊन आला.

दीड-दोन वर्षं अशीच गेली. आम्ही भांडत होतो, त्या टाके घालत होत्या. मग एका दुपारी मी कामावरून आले, तर त्या खुर्चीतून माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोण पाहिजे?"

हा दिवस येणार हे माहीत होतं, तरी पिशवी हातातच राहिली.

"जवळ ये. वाक जरा."

मी वाकले. त्यांनी माझी कॉलर उलटली आणि दोऱ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा.

"पिवळा," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझी आहेस. बस, पाणी पी."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझी कॉलर नीट केली, मग परत उलटून बघितली.

"घासलेली मात्र नाही नीट," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी उलट उत्तर दिलं नाही.