जाकडचं इंजिन

सौंदडच्या लोकेशला गाव गाडीवाला म्हणायचं, पण त्याला स्वतःला विचाराल तर तो मरेपर्यंत धुरकरीच. शंकरपटात बैलजोडी पळवतो तो धुरकरी. घरच्या गोठ्यात एक गोऱ्हा नसताना बौद्ध मोहल्ल्यातल्या या पोराला मोठमोठ्या शेतकऱ्यांचं बोलावणं यायचं, का तर लोकेश छकड्यावर बसला की जोडी सुटल्याबरोबर पुढं असते. मग दोन हजार तीनच्या पटात छकडा उलटला. डावा गुडघा चाकाखाली आला आणि पाय जो ताठ झाला तो झालाच. त्यानंतर हा गडी ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर खेकसायचं काम करू लागला.

घर चालवलं ते अल्कानं, त्याच्या बायकोनं. तिचं मनिहारीचं दुकान, म्हणजे बांगड्या, टिकल्या, रिबिनी. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. काचेच्या बांगड्यांचे खोके डोक्यावर घेऊन ती एसटीत चढायची आणि कंडक्टरची बोलणी खायची. शेवटी तिनंच एक जुनी मारुती एट हंड्रेड बघितली. गोंदियाच्या चैतराम मिस्त्रीनं ती लोकेशच्या पायापुरती बदलून दिली. क्लचचं पायडल काढून टाकलं, त्या जागी ताठ पाय लांब करता येईल अशी सोय केली आणि गिअरच्या दांड्याला स्कूटरसारखा हातक्लच बसवला. डाव्या हाताने खटका दाबायचा, त्याच हाताने गिअर टाकायचा.

त्या दिवसापासून लोकेश माणसात आला हो. सकाळी दाढी करून, शर्ट खोसून गाडीत बसायचा. बाजारात कोणी विचारलं, "काय करून राहिला लोकेश?" तर मान वर करून सांगायचा, "मंडळीले घेऊन आलो." त्या तीन शब्दांवर त्याचं सगळं उभं होतं. तिला न्यायला आपण लागतो, आपल्यावाचून तिचं अडतं, एवढ्यावर तो जगत होता. आणि म्हणूनच अल्का जेव्हा जेव्हा म्हणाली, "मले बी शिकवा ना जी गाडी," तेव्हा तेव्हा त्यानं हसण्यावारी नेलं. बाईमाणसाचं काम नाही, रस्ता खराब आहे, गाडी जुनी आहे, नाही नाही ती कारणं काढली.

दोन हजार आठच्या दिवाळीआधी इंजिन बसलं. आधी निळा धूर, मग खडखड, मग केशोरीच्या रस्त्यावर जागच्या जागी ठप्प. टोचन करून गाडी चैतरामकडे नेली. चैतराम तोंडातला खर्रा गालात सरकवून म्हणाला, "देख भाई, दो रास्ते. तुझंच तीन सिलिंडरचं इंजिन बोर करून, नवे पिस्टन टाकून देतो. नाईतर ते बघ, मोठ्या गाडीचं चार सिलिंडरवालं पडलं हाय. माउंटिंग बदलून बसवून देतो. उडेल गाडी."

स्टॅन्डवर ठेवलेलं ते इंजिन त्यानं चालू करून दाखवलं. लोकेशनं ॲक्सिलेटरची तार स्वतःच्या हाताने ओढली. इंजिन असं काही उसळलं की पाच वर्षांनी त्याच्या अंगावर काटा आला. पटाचा बैल असाच ओळखतात. किती ओढतो ते कोणी बघत नाही, सुटताना कसा सुटतो ते बघतात. हा शहाणा इंजिनही तसंच पारखायला निघाला.

"पन क्लच जड जाईल," चैतरामनं बजावलं. "तुझा हात बैल आवरलेला हाय, तू दाबशील. दुसऱ्या कोनाच्यानं दबनार नाई."

"तेच पायजे," लोकेश म्हणाला.

बघा, निघालं की नाही पोटातलं ओठावर! चैतरामला वाटलं चोरीची भीती असेल. पण लोकेशला पक्कं ठाऊक होतं आपण काय बोललो ते. एकदा हे इंजिन बसलं की अल्काचं 'मले शिकवा' आपोआप बंद.

फक्त एक अट त्यानं घातली. इंजिन जाकड. बैल विकत घेताना आठवडाभर घरी नेऊन जुंपून बघतात, पटला तर ठेवतात, नाहीतर परत करतात. तसंच. चैतराम खो खो हसला, पण तोही मूळचा खेड्यातलाच, कबूल झाला. जुनं इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलं.

मंडईचे दिवस होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, हातभर बांगड्या भरतात. अल्काची वर्षाची कमाई त्या दिवसांत. तिनं खोके मागच्या सीटवर रचले, मध्ये जुनी लुगडी कोंबली आणि पुढं येऊन बसली. लोकेशनं खटका दाबला, गिअर टाकला. एवढा जड खटका हळू सोडायला जमतोय कुठं? तो सुटला तसा गाडीनं हिसका मारला आणि पटातल्यासारखी निघाली. दर गिअरला हिसका, दर गतिरोधकाला हिसका. मागून खळ्ळ आवाज येत होता आणि हा खुशीत विचारत होता, "कशी पळून राहिली?"

केशोरीला खोके उघडले. हिरव्या, लाल, सोनेरी, सगळ्या काचांचा खच. अल्का खाली बसली आणि साबूत बांगड्या निवडू लागली. बोटाला काच लागली तरी थांबली नाही. ती चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर लोकेशला बरं वाटलं असतं. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून मी बसनं जातो. तुमी आराम करा."

आराम करा! त्या माणसाला कोणी याहून वाईट काय बोललं असतं? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओसरीवर. गाडी दारात उभी, ताकदीनं फुटायला आलेली, आणि तिला जायला गाव नाही. सांजेला अल्का बसमधून उतरली. डोक्यावर खोका, हातात खोका, मानेची शीर ताणलेली. तो उठून घ्यायला गेला, तर ताठ पायामुळे त्याच्याआधी तीच दाराशी पोचली. रात्री त्याला जेवण गेलं नाही. ही मेहनत आपण तिच्या डोक्यावर परत ठेवली, आपण तिला लागतोय असं वाटावं म्हणून, हे त्याला कळून चुकलं आणि स्वतःची लाज वाटली.

जाकडची मुदत संपायच्या आत त्यानं गाडी चैतरामच्या दारात लावली, आणि या खेपेला अल्काला सोबत नेलं. "काऊन, मन भरलं का?" चैतरामनं विचारलं.

"बैल चांगला हाय," लोकेश म्हणाला, "माह्या घरचा नाई. जुनंच बोर करून दे."

सौंदडात 'इंजिनाचा बोर केला' ही बातमी पोचली तेव्हा शेजारच्या बिसरामनं मन लावून विचारलं, पानी कितीवर लागलं. ते असो. जुनं इंजिन घासूनपुसून परत बसलं, क्लचची तार नवी पडली, आणि लोकेशनं दार उघडून अल्काला म्हटलं, "बस तिकडं. माह्या जागेवर."

ती बसली. खटका दाबला. बोटांनी सहज दबला.

"जमते का?"

"जमते जी," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हसली.

धान निघालेल्या रिकाम्या बांध्यांशेजारी, कालव्याच्या रस्त्यानं तो तिला शिकवू लागला. ओरडायचा, कपाळाला हात लावायचा, पण शिकवायचा. ती खटका इतका हळू सोडायची की मागे भरला ग्लास ठेवला असता तरी सांडला नसता. आपल्याहून ती बरी चालवते हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं. चालवणं शिकवताना आपण आपलीच जागा तिला देतोय हेही कळलं, आणि दुखलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला केशोरीच्या बाजाराला पहिल्यांदा ती गाडी घेऊन निघाली. लायसन्स पर्समध्ये, खोके मागे, लोकेश डावीकडच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर. नवेगाव मागे पडलं. तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "आता तुले एकटीले जाता येते. मी कायले पायजे?"

अल्कानं समोरच्या बैलगाडीला वाट दिली, गिअर बदलला, गाडी पुन्हा लायनीत घेतली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मले एकटीलेच जाचं असतं जी, तं बस होतीच की."